पेढ्याआधीचा प्रश्न

"आन हाऊ मरी गया ते?"

विमलबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि 'हाऊ' म्हणजे माझा मित्र किशोर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. धडधाकट, नवा शर्ट, कपाळाला कुंकवाचा टिळा. लाभपाचमीचा दिवस होता. दिवाळीत बंद ठेवलेली दुकानं सुरतेत या दिवशी उघडतात आणि नव्या धंद्याचा मुहूर्तही लोक याच दिवशी करतात. साडीला लेस लावायचा आमचा कारखाना आम्ही दोघांनी मिळून काढला होता, त्याची भागीदारी कागदावर आणायची होती. कारखाना म्हणजे बमरोलीतली एक खोली आणि चार शिलाई मशिनं. पण आम्ही असे निघालो होतो की जणू गिरणीच विकत घेतली आहे.

किशोरचा चेहरा उतरला. "बाई, चांगल्या दिवशी हे काय बोलता?"

"दिवस चांगला आहे म्हणूनच विचारते. वाईट दिवशी कोण उत्तर देतं?" बाई त्याच्याकडे वळल्या. "तू मेलास तर हा काय करील ते याला विचारलं. आता तू सांग. हा गेला, याची बायको सकाळी कारखान्याच्या दारात उभी राहिली, तर तिला आत घेशील की बाहेरूनच चहा पाजून परत पाठवशील?"

किशोर ताडकन उठून जिना उतरून निघून गेला. मी पुडा धरून तसाच बसून राहिलो. बाईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर जाडजूड पंचिंग मशीन ठेवलं.

"सह्या झाल्यावर," त्या म्हणाल्या.

बमरोली रोडवर एका नोटरी वकिलांचं ऑफिस होतं. वकीलसाहेब गुजराती, स्वभावाने शांत, दुपारी हमखास डुलकी घेणारे. त्यांच्या केबिनबाहेरच्या बोळकांडीत, जिन्याला लागून, विमलबाई मोऱ्यांचं टेबल. आधी त्यावर टाइपरायटर होता, आम्ही गेलो तोवर कॉम्प्युटर आलेला. पाटीवर नाव वकीलसाहेबांचं, पण खानदेशातून आलेला माणूस 'वकिलाकडे जातो' असं म्हणायचाच नाही. 'बाईकडे जातो' म्हणायचा. पिकोफॉलचं दुकान, वडापावची गाडी, स्टोन चिकटवायचं घरकाम, मोबाइल दुरुस्ती, काहीही सुरू करायचं असलं की पहिली पायरी हे टेबल.

बाई ठेंगण्या, काटक. फिक्या रंगाची सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. कच्चा मसुदा त्या पेन्सिलीनेच लिहायच्या आणि शोधताना ती हमखास टेबलाखाली शोधायच्या. आपण अंबाड्याकडे बोट दाखवलं तर ओशाळण्याऐवजी आपल्यावरच डाफरायच्या, "मग आधी नाही सांगायचं?" त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. कागदाचं बोलायचं असलं की अगदी पुस्तकी मराठी आणि माणसाचं बोलायचं असलं की अहिराणी. त्यामुळे त्यांनी भाषा बदलली की समोरचा सावध व्हायचा.

'या, बसा' हे त्यांच्या तोंडी नव्हतंच. समोर येणाऱ्याला पहिला प्रश्न, "लाइटबिल कोणाच्या नावावर?" यावर आपल्या लोकांची बोबडी वळायची, कारण आपलं कोणाचंच नसायचं. खोली भाड्याची, बिल घरमालकाच्या नावावर, रेशनकार्ड अजून गावाकडचं. आणि जागेचा पुरावा नसला की गुमास्ताधारा म्हणजे दुकानाचं लायसन्स नाही, बँकेत खातं नाही, जीएसटी नंबर नाही. मग आपली माणसं काय करतात? ज्याच्या नावावर लाइटबिल आहे असा एखादा मेहुणा, मित्र, गाववाला शोधतात आणि सगळा धंदा त्याच्या नावावर काढतात. मशिनं एकाची, मेहनत दुसऱ्याची, लायसन्स तिसऱ्याच्या नावाचं. वर छाती फुगवून सांगतात, आमच्यात काय लिहायचं, आम्ही भावासारखे! हे ऐकलं की बाई अंबाड्यातली पेन्सिल काढून टेबलावर आपटायच्या.

प्रश्न तर लोक शंभर विचारायचे. एकट्याच्या नावावर काढू की भागीदारीत? लायसन्स निघालं म्हणजे सगळं झालं का? दुकानाचं नाव दुसऱ्याने उचललं तर? बाई उत्तरं द्यायच्या, पण तोडून. एकदा एकाने विचारलं, "बाई, बायकोच्या नावावर धंदा काढला तर चालतो ना?" बाई म्हणाल्या, "चालतो. तिला माहीत आहे का?" तो डोकं खाजवू लागला. "मग उद्या तिला घेऊन ये. सही तिची लागते, तुझा अंगठा नाही."

बिबड्यांचं काम करणाऱ्या कलाबाईंची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचे जाडसर पापड, त्या इतकी सुरेख करायच्या की कामरेजपासून मागणी यायची. एका दुकानदाराने सांगितलं, अन्नाचं रजिस्ट्रेशन आणा, मग माल ठेवतो. त्यासाठी जागेचा पुरावा हवा आणि घरमालकाचं संमतिपत्र. घरमालक म्हातारा ते द्यायला तयार होईना. बाईंनी चप्पल घातली आणि थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी लायसन्सच्या कामासाठी टेबलाशी थांबलो होतो, मलाही बरोबर चल म्हणाल्या.

"बेन, काले ए मारी रूम पचावी पाडशे तो?" म्हातारा म्हणाला. म्हणजे उद्या ही माझी खोलीच बळकावून बसली तर?

बाई हसल्या नाहीत की वादही घातला नाही. घरमालकाच्या जागी आपण आहोत असं समजून त्यांनी ती भीती नीट ऐकून घेतली, मग पिशवीतून कागद काढून संमतिपत्राच्या शेवटी पेन्सिलीने एक ओळ वाढवली आणि त्याला गुजरातीत वाचून दाखवली. 'या लेखावरून सदर जागेवर कोणाचाही कोणताही हक्क उत्पन्न होत नाही.' म्हाताऱ्याने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग आत जाऊन चष्मा आणला आणि वेराबिलाची, म्हणजे घरपट्टीची, झेरॉक्ससुद्धा आपण होऊन दिली. परत येताना मी म्हटलं, "बाई, एका ओळीत काम झालं!"

"माणूस कशाला घाबरतो ते कळलं की लिहायला सोपं जातं," त्या म्हणाल्या. ती ओळ मला पुढे पुन्हा भेटणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आमच्या भागीदारीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. किशोर रागाने गेला तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी निरोप पाठवला, तुम्ही दोघं येऊ नका, बायकांना पाठवा. माझी बायको आणि किशोरची संगीता अशा दोघी गेल्या. बाईंनी त्यांना समोरासमोर बसवलं आणि गुजरातीतला मसुदा अहिराणीत वाचून दाखवला. प्रत्येक कलमानंतर विचारायच्या, "समजनं का?" संगीताने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कागदाला प्रश्न विचारला, "मशीन कोनं शे? आम्हनं का तुम्हनं?" माझी बायको म्हणाली दोघांचं. संगीता म्हणाली दोन मशिनं तर माझ्या भावाने दिली आहेत. बाई म्हणाल्या, मग तसं लिहू. हे आम्हा दोघा पुरुषांना चार महिने सुचलं नव्हतं.

शेवटी सातवं कलम पडलं. एक भागीदार गेला तर दुसऱ्याने त्याच्या बायकोला भागीदार करून घ्यावं, तिची इच्छा नसेल तर तिचा हिस्सा तिला द्यावा आणि तोवर कारखान्याचं दार तिला बंद करू नये. वकीलसाहेब म्हणाले, हे दाराचं वाक्य कायद्याच्या भाषेत बसत नाही. बाई म्हणाल्या, बसवा. सह्या झाल्या, शिक्का पडला आणि मगच पंचिंग मशीन बाजूला झालं. पेढे एव्हाना दगड झाले होते. बाईंनी एक उचलून अख्खा खाल्ला. करारनाम्याच्या प्रती दोन, दोन्ही बायकांच्या ताब्यात दिल्या. "पुरुषांकडचे कागद हरवतात," म्हणाल्या. ते सातवं कलम आजवर लागलेलं नाही, किशोर माझ्याहून ठणठणीत आहे आणि अजूनही बाईंचं नाव काढलं की म्हणतो, "मला मारायला निघाली होती ती." पण म्हणताना त्याचा आवाज जरा ओला होतो.

हा प्रश्न त्या सगळ्यांना का विचारतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सांगितलंही त्यांनीच, एका दुपारी, चहा बशीत ओतता ओतता, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं.

त्यांचे यजमान प्रल्हाद मोरे आणि गावाकडचा मित्र सुपडू, दोघे एकाच गाडीने सुरतेत आलेले. एकाच यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात काम, एकाच ताटात जेवण. पुढे दोघांनी मिळून पांडेसऱ्यात एम्ब्रॉयडरीचं खातं टाकलं. प्रल्हादच्या हातात कसब, सुपडूच्या नावावर लाइटबिल. मग लायसन्स सुपडूच्या नावाचं, बँकेचं खातं सुपडूचं, भाड्याचा करार सुपडूचा. प्रल्हादचं नाव होतं फक्त पाटीवर. निळ्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत, 'प्रल्हाद-सुपडू एम्ब्रॉयडरी'. प्रल्हादचं नाव आधी लिही असं सुपडूच पेंटरला म्हणाला होता.

प्रल्हाद तापाने गेला. तेराव्यानंतर बाई खात्यावर गेल्या. सुपडूने बाहेर खुर्ची टाकली, चहा मागवला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाला, वहिनी, कागदावर तर माझंच नाव आहे. बाईंनी पाटीचा फोटो काढवला आणि तो घेऊन याच वकीलसाहेबांकडे आल्या. साहेबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "बेन, बोर्ड ए पुरावो नथी." नुसती पाटी म्हणजे पुरावा नव्हे. लेखी काही आहे का? काही नव्हतं. कोर्टात जा, पण वर्षं जातील, आणि साक्षीला कोण उभं राहील? गाववाले तर सगळे सुपडूच्या खात्यावर कामाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. साहेबांना विचारलं, लेखी कसं करतात ते शिकवाल का? आधी झेरॉक्स आणायचं काम दिलं त्यांनी."

बशी त्यांनी पुसून ठेवली. पाटी अजून तशीच आहे, सुपडूशेठने नाव काढलेलं नाही, एवढं मात्र सांगितलं. शेअर रिक्षा रोज त्या खात्यावरून जायची. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर त्या रिक्षात होतो. ती गल्ली आली की बाई पदराने चष्मा पुसायला घ्यायच्या आणि पार पुढचा नाका येईपर्यंत पुसत राहायच्या. मला तेव्हा वाटायचं, धूळ फार आहे या रस्त्याला.

आणि मग एक दिवस सुपडूशेठ टेबलापुढे येऊन उभा राहिला.

मी आमच्या नव्या जागेचा पत्ता लायसन्सवर चढवायला गेलो होतो. म्हातारा, पांढरा सदरा, छातीच्या ऑपरेशननंतर खंगलेला, सोबत मिशीवाला मुलगा. सुरतेत वकिलांना काय तोटा? तो नेमका इथेच का आला याचा मी अजून विचार करतो. खातं आजवर एकट्या त्याच्या नावावर होतं, आता त्याला मुलाला भागीदार करायचं होतं. हातात पेढ्यांचा पुडा होता.

बाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता ही बाई उठून आत जाईल, नाहीतर याला जिन्यावरून खाली ढकलील. बाई म्हणाल्या, "लाइटबिल कोणाच्या नावावर?"

"मनाच नाववर," म्हातारा पुटपुटला.

"माले ठाऊक शे. बसा."

पुडा घेतला, पंचिंग मशीनखाली ठेवला. पेन्सिल काढली. पत्ता, पॅन, बँकेत सही कोणाची, कारागीर किती, सगळं क्रमाने विचारलं. मग थांबल्या. "आन तुम्ही मरी गयात ते?"

मुलगा खवळला. म्हाताऱ्याने त्याच्या मांडीवर हात ठेवला. "तेच लिखाले उनू, वहिनी." तेच लिहायला आलो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुपडूच्या बायकोला बोलावून बाईंनी तिला सगळा मसुदा वाचून दाखवला. तिचा हिस्सा, तिची सही, आणि दार बंद न करण्याचं ते वाक्य, आमच्या करारनाम्यातलंच, जसंच्या तसं. मला त्या दिवशी बाईंचा खरंच राग आला. जिच्या नवऱ्याने तुम्हाला बाहेर खुर्ची टाकून दिली, तिच्यासाठी इतकं? विचारलं तर म्हणाल्या, "तिनं काय केलं? ती तेव्हा आत भाकरी टाकत होती."

सह्यांच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कागद स्टॅम्पपेपरवर छापून तयार होता. बाई मराठीत वाचून दाखवत होत्या. करारनाम्याच्या सुरुवातीला धंद्याची हकीकत लिहायची पद्धत असते, कोण, कधीपासून, काय करत आले ते. बाईंनी वाचलं, 'सदर व्यवसाय कैलासवासी प्रल्हाद मोरे आणि सुपडू पाटील या दोघांनी मिळून, समान मेहनतीने सुरू केला व पेढीचे नाव त्या दोघांच्या नावावरून आहे.'

मुलगा उसळला. "हे कशाला? यानं कोणाचा हक्क लागला उद्या, तर?"

"खालची ओळ वाचते," बाई म्हणाल्या. "'या लेखावरून सदर व्यवसायावर कोणाचाही कोणताही हक्क उत्पन्न होत नाही.'"

मी ती ओळ ओळखली. घरमालकाच्या ओट्यावर लिहिलेली. मुलगा वकीलसाहेबांकडे बघू लागला. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते, त्या दिवशी त्यांनी डुलकी घेतली नव्हती. त्यांनी मान हलवली, काही धोका नाही.

सुपडूने कागद आपल्याकडे ओढला. बराच वेळ त्या पहिल्या ओळींवर बोट ठेवून बसला. "वहिनी, हाई लिखनंच पडी का?"

"पडी."

"प्रल्हाद मना भाऊच व्हता," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

"मंग लिखा."

त्याने सही केली. मुलाने केली, बायकोने जपून, एकेक अक्षर काढत केली. शिक्का पडला. बाईंनी पंचिंग मशीन उचललं, पेढे सगळ्यांना वाटले, वकीलसाहेबांना दोन दिले आणि आपला एक उचलून अख्खा खाल्ला. मग करारनाम्याची झेरॉक्स काढून घेतली. फक्त पहिल्या पानाची.

ते सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. "बाई, तुम्ही आपला हक्कच सोडून दिला की हो."

"हक्क कुठे होता, दिलीप? नाव होतं. तेही पत्र्यावर." पेन्सिल अंबाड्यात खोचून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. खाली रांगेत कोणीतरी मिक्सर दुरुस्तीचं दुकान काढायला आलं होतं. त्याला ओरडून विचारलं, "लाइटबिल कोणाच्या नावावर?"

त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंनी टेबल सोडलं. अमळनेरला लेकीकडे जाणार म्हणाल्या. आम्हाला कोणालाच पटेना. इतकी वर्षं जी बाई तापातसुद्धा रजा घेत नव्हती, ती अशी कशी निघते? आता त्या बोळकांडीत झेरॉक्सचं मशीन ठेवलं आहे. नवा मुन्शी हुशार आहे, सगळं मोबाइलवर भरून देतो, पाच मिनिटांत. पण तो काही विचारत नाही. लोक पेढे घेऊन येतात, तो लगेच तोंडात टाकतो. मला ते बघवत नाही. हल्ली मी कागदाच्या कामाला किशोरला पाठवतो, आणि किशोर मला पाठवायला बघतो. बाईंचा आवाज एकदा ऐकावा असं फार वाटतं. तोच प्रश्न विचारावा त्यांनी, माझ्या तोंडावर, चांगल्या दिवशी.

जाण्याच्या दिवशी उधना स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. स्कूटरवर पुढे पत्र्याची पेटी, मागे बाई, मांडीवर कापडी पिशवी. अर्ध्या रस्त्यात त्यांनी खांद्यावर थोपटलं. "जरा पांडेसऱ्यावरून घे."

गल्लीच्या तोंडाशी मी वेग वाढवला, त्यांना बघावं लागू नये म्हणून. त्या म्हणाल्या, "थांब."

उतरल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. आत मशिनं धडधडत होती, कोणी बाहेर आलं नाही. पाटी नव्याने रंगवलेली होती, निळी आणि पिवळी. बाई रस्ता ओलांडून तिच्या बरोबर समोर जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा पुसला नाही. मान वर करून त्यांनी ते नाव वाचलं, ओठ हलताना मला रस्त्याच्या अलीकडून दिसले.

मला काहीतरी करायचं होतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि ओरडून विचारलं, "बाई, पाटीचा फोटो काढू का?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. पिशवी छातीशी धरली होती.

"नको," म्हणाल्या. "कागद आहे ना."